चपळ पद्धति आणि विचारपूर्वक काम

आमच्या भोईवाड्याच्या नांवांत एक जुना व्यवसाय दडलेला आहे. भोई म्हणजे पालखी वाहणारा. मागच्या भोयास पालखीमुळें वाट दिसत नसे. म्हणून पुढच्यानें दगड, खळगा, पाणी पाहून हांक द्यावी आणि मागच्यानें त्याप्रमाणें पाऊल टाकावें, अशी रीत असे. जावयाचें कोठें हें आधींच ठरलेलें असे. पाऊल कोठें टाकावयाचें हें मात्र वाटेवरच ठरे. आज संगणकाचें सॉफ्टवेअर लिहिणारे लोक ज्या रीतीस ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ पद्धति, म्हणतात, तिचें मर्म याहून फारसें निराळें नाहीं. आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी पुढें या व्यवसायांत शिरतील. म्हणून ती पद्धति काय आहे आणि ती कोठें फसते, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं सॉफ्टवेअरचें काम घरबांधणीप्रमाणें चाले. प्रथम मागण्यांची यादी, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी, आणि अगदीं शेवटीं तें ग्राहकाच्या हातीं. धबधब्याचें पाणी जसें एकदां खालीं पडलें म्हणजे वर चढत नाहीं, तसा हा क्रम. म्हणून यास ‘धबधबा पद्धति’ असें नांव पडलें. विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्यानें 1970 सालच्या आपल्या निबंधांत हा क्रम मांडतांनाच त्यांतील धोकाही दाखवून दिला होता. चूक अखेरच्या तपासणींत उघड होते, आणि तोंवर सारें काम मुळापासून बदलण्याची पाळी येते, असें त्याचें म्हणणें होतें. लोकांनीं आकृति तेवढी उचलली आणि इशारा सोडून दिला!

याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत परीक्षेचे निकाल तयार करण्यासाठीं सॉफ्टवेअर करवून घेतलें. जून महिन्यांत मागण्यांची लांबलचक यादी दिली. मार्चअखेर काम हातीं आलें. यादीप्रमाणें सर्व कांहीं होतें. परंतु आजारामुळें एखाद्या विषयाच्या परीक्षेस बसूं न शकलेल्या मुलाचें काय करावें, हें यादींत नव्हतें. यंत्रानें त्या जागीं शून्य मांडलें, आणि तापांतून नुकताच उठलेला एक हुषार मुलगा नापास ठरला. चूक दुसऱ्याच दिवशीं सुधारली. पण त्या रात्रीं त्या घरांत जें झालें असेल, तें कोणासही सुधारतां आलें नाहीं. शाळेच्या वृद्ध कारकुनास असे प्रसंग दरवर्षीं येतात हें ठाऊक होतें. त्यास कोणीं विचारलेंच नव्हतें.

अशाच अनुभवांनीं पोळलेले 17 जाणते लोक फेब्रुवारी 2001 मध्यें अमेरिकेंतील युटा संस्थानांत स्नोबर्ड या ठिकाणीं जमले आणि त्यांनीं एक छोटा जाहीरनामा लिहिला. नियम व साधनें यांपेक्षां माणसें व त्यांचा परस्परसंवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षां चालतें सॉफ्टवेअर, करारावरील घासाघिशीपेक्षां ग्राहकाचें सहकार्य, आणि ठरलेल्या योजनेस चिकटून राहण्यापेक्षां बदलास सामोरें जाणें, यांस त्यांनीं अधिक मोल दिलें. ध्यानांत ठेवावें कीं, त्यांनीं ‘अधिक’ म्हटलें. दुसऱ्या बाजूच्या गोष्टी निरर्थक आहेत असें म्हटलें नाहीं.

प्रत्यक्षांत काम असें चालतें. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडावयाचे; दोन ते चार आठवड्यांच्या मुदतींत एक तुकडा पुरा करून वापरणाऱ्यास दाखवावयाचा; त्याचें म्हणणें ऐकून पुढचा तुकडा ठरवावयाचा. मंडळींनीं रोज पंधरा मिनिटें एकत्र जमून अडचणी बोलाव्या, आणि प्रत्येक मुदतीअखेर आपल्याच कामाकडे मागें वळून पाहावें.

परंतु येथेंच दुसरा खळगा आहे. त्याच शाळेंत पुढील वर्षीं नव्या पद्धतीनें काम सुरू झालें. काम करणारी मंडळी रोज उभ्यानें सभा भरवीत, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावीत. सभेची हजेरीच झाली. आणि कारकून तेथेंही नव्हता! नांव बदललें, रीत तीच राहिली. शेवटीं एकाच वर्गाचे गुण भरून तें काम त्याच्यापुढें ठेवलें, तेव्हां त्यानें अर्ध्या तासांत तीन चुका दाखविल्या. खरी चपळ पद्धति त्या दिवशीं सुरू झाली. 1968 सालीं मुंबईंत आरंभ झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें 2020 पर्यंत सारा कारभार या पद्धतीवर आणण्याचा संकल्प जाहीर केला होता. जेथें लाखों माणसें काम करतात तेथें नांवें बदलणें सोपें, संवयी बदलणें कठीण. म्हणून असा संकल्प वर्षांच्या मुदतीनें करावा लागतो.

शिवाय सर्वच कांहीं चपळ असूं नये. आपल्या भोईवाड्यांत न्यायालय आहे. देशांतील न्यायालयांसाठीं 2007 पासून ई-कोर्ट योजना सुरू झाली. खटल्यांची नोंद ठेवणारें तिचें सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणें येथील शाखेनें तयार केलें. त्यांत साऱ्या देशास समान असा गाभा एक ठेविला, आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांच्या नियमांप्रमाणें बदलणारा भाग त्याच्या भोंवतीं निराळा ठेविला. प्रत्येक खटल्यास 16 अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक दर पंधरवड्यास बदलूं लागला, तर पक्षकारानें आपला खटला शोधावा कसा? पडद्यावरील मांडणी मात्र लोकांस विचारून सुधारीत जाण्यास हरकत नाहीं. स्थिर काय ठेवावयाचें आणि बदलतें काय, हें आधीं ओळखणें यांतच विचारपूर्वक स्वीकार आहे. रुग्णाच्या औषधाचें प्रमाण किंवा बँकेंतील ठेव यांच्या बाबतींत तर कडक तपासणी व लेखी नोंद यांना फांटा देतांच येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, निबंध पुरा होईपर्यंत लपवून ठेवूं नका. पहिला परिच्छेद लिहितांच गुरुजींना दाखवा. आणि पालकांस विनंति ही कीं, मुलाची प्रगति केवळ वार्षिक निकालाच्या दिवशीं विचारूं नये. दर आठवड्यास त्याच्याजवळ बसून त्याची अडचण ऐकावी. पुढें चालणाऱ्याची हांक मागच्यास वेळेवर ऐकूं आली, तरच पालखी सुखरूप पोंचते.