कलादालनात 'लेडीज नाइट': पाचशेच्या पासमधले किती रुपये संस्थेला पोचतात?



बुटीक, पार्लर, केक, हातचे दागिने, काहीही करत असाल, हा कार्यक्रम मनात येतोच: कलादालनात फक्त बायकांसाठी एक संध्याकाळ, चित्रं, गप्पा, थोडं खाणं आणि जमलेले पैसे एखाद्या संस्थेला. सजावट आणि वेळापत्रक आपण व्हिडिओत बघितलं. इथे पैशाचं सांगते, कारण गाडी तिथेच अडते.

आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. ८० पास, प्रत्येकी ५०० रुपये. जमा ४०,०००. आता खर्च: हॉलचं भाडं ९,०००, खाणं माणशी १५० प्रमाणे १२,०००, माइक-खुर्च्या ५,०००, बॅनर आणि पास छपाई ३,०००. झाले २९,०००. उरले ११,०००. म्हणजे पाचशेच्या पासमधले जेमतेम १३७ रुपये संस्थेला. आणि पोस्टरवर तुम्ही छापलंय, 'सर्व रक्कम दान'! असं छापू नका. 'खर्च वजा जाता उरलेली रक्कम' असं लिहा, किंवा खर्चच दुसऱ्याकडून उचलून घ्या. खाणं एखाद्या केटररने दिलं आणि छपाई ओळखीच्या प्रेसने केली, तर तेच ११,००० थेट २६,००० होतात. म्हणून पास विकायच्या आधी प्रायोजक शोधायचे. उलटा क्रम केला की नंतर कोणी दाराशी उभं करत नाही.

दुसरी गोष्ट, पैसे कोणाच्या खात्यात? तुमच्या दुकानाच्या क्यूआर कोडवर अजिबात नको. एक तर ते तुमची विक्री म्हणून दिसतात. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१क आहे. गणेश मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी काढतात ना, तेच. सोपा मार्ग असा, की नोंदणीकृत संस्थेलाच सोबत घ्या, त्यांचं लेखी संमतिपत्र घ्या आणि टेबलावर त्यांच्याच खात्याचा क्यूआर ठेवा.

करसवलतीबद्दल हमखास विचारतील. पासच्या बदल्यात जेवण-कार्यक्रम मिळतोय, तेव्हा पासची रक्कम म्हणजे निखळ देणगी नव्हे. वेगळी देणगी दिली आणि संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल तर पावती मिळते, पण २,००० च्या वरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत. आणि नव्या करप्रणालीत असलेल्यांना ही वजावट नाहीच. बाकी सीएला विचारा.

आता दालन. मुंबईचं जहांगीर १९५२ पासून आहे, पण तिथल्यासारख्या नावाजलेल्या दालनांच्या तारखा फार आधी ठरतात. आपल्या शहरातलं नगरपालिकेचं किंवा कला महाविद्यालयाचं दालन बघा. अर्ज करताना तीन प्रश्न विचारा: विक्रीला परवानगी आहे का, खाणं आत चालतं का, संध्याकाळी किती वाजता कुलूप लागतं. तेलकट बोटं आणि कॅनव्हास यांचं जमत नाही, म्हणून वडे-सरबत व्हरांड्यातच. गाणी लावणार असाल तर त्याचाही परवाना लागतो का, ते दालनालाच विचारून घ्या.

चित्रकारांकडून चित्रं फुकट मागू नका. मला हे अजिबात पटत नाही. आपण दानशूर, आणि पदरचं देणार ती चित्रकार! ६,००० च्या चित्रातले ६० टक्के तिला, ४० टक्के संस्थेला, असं काही आधीच कागदावर ठरवा. म्हणजे ३,६०० तिचे, २,४०० संस्थेचे. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लावायची पद्धत आहे, ती जरूर पाळा. दोन टिकल्या दिसल्या की तिसरी खरेदी लवकर होते. बोली लावायची असेल तर चित्राखाली कागद ठेवा, किमान किंमत वर लिहा, पुढची बोली निदान २०० ने जास्त हवी असं ठरवा आणि साडेसातला घंटा वाजवून बंद करा. एक मात्र गिऱ्हाइकाला सांगा: चित्र विकत घेतलं तरी त्याचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. ते कुर्त्यावर छापून विकायचं तर वेगळी परवानगी.

नावात 'नाइट' असू दे, पण वेळ पाच ते आठचीच ठेवा. घरचं स्वयंपाकघर, शेवटची बस, सगळं बघून. लहान मुलांसाठी एका कोपऱ्यात खडू-कागद आणि एक सांभाळणारी ताई ठेवा, नाहीतर निम्म्या जणी येतच नाहीत. संक्रांतीच्या दिवसांत काही जणी याला हळदीकुंकू म्हणतात. वाण म्हणून छोटं चित्र दिलं तर छानच, पण कार्यक्रमाला नाव तेवढं वेगळं द्या. निमंत्रणावर हळदीकुंकू वाचलं की नवरा गेलेली बाई घरीच थांबते, आणि आपले पैसे कदाचित तिच्यासारखीसाठीच चाललेले असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पास घेतलेल्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फोटो: जमा, खर्च, शिल्लक आणि संस्थेची पावती. पुढच्या वर्षीचे पास तुम्हाला त्याच ग्रुपवर विकायचेत.