सू बर्ड

सू बर्ड (पूर्ण नाव: सुझॅन ब्रिजिट बर्ड, जन्म: १६ ऑक्टोबर १९८०) या अमेरिकेच्या निवृत्त व्यावसायिक बास्केटबॉलपटू आहेत. त्या पॉइंट गार्ड या स्थानावर खेळत असत. चेंडू पुढे नेणे, चढाईची आखणी करणे आणि सहकाऱ्यांना गुण मिळवण्याची संधी निर्माण करून देणे ही या स्थानावरील खेळाडूची मुख्य जबाबदारी असते. ज्या पासवर सहकारी थेट गुण मिळवते, त्याला असिस्ट म्हणतात. डब्ल्यूएनबीए या अमेरिकी महिला लीगमध्ये बर्ड यांनी ३,२३४ असिस्ट केले. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी हा लीगचा विक्रम होता.

महाविद्यालयीन कारकीर्द

बर्ड यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील सायोसेट येथे झाला. १९९८ मध्ये त्यांनी कनेक्टिकट विद्यापीठात प्रवेश घेतला. पहिल्याच हंगामात आठ सामन्यांनंतर गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने त्यांना उर्वरित सामन्यांना मुकावे लागले. पुढे विद्यापीठाने २००० आणि २००२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २००१-०२ च्या हंगामात हा संघ सर्व ३९ सामन्यांत अजिंक्य राहिला.

व्यावसायिक कारकीर्द

२००२ मध्ये सिअ‍ॅटल स्टॉर्म संघाने बर्ड यांची पहिल्या क्रमांकावर निवड केली. लीगमधील संपूर्ण कारकीर्द त्यांनी याच संघाकडून खेळून पूर्ण केली. २००४, २०१०, २०१८ आणि २०२० मध्ये संघ विजेता ठरला. दुखापतींमुळे २०१३ आणि २०१९ चे हंगाम मात्र त्या खेळू शकल्या नाहीत.

लीगचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्यात होत असे आणि मानधन पुरुषांच्या एनबीएच्या मानाने फारच कमी होते. त्यामुळे अनेक खेळाडू हिवाळ्यात परदेशी संघांकडून खेळत व त्यांना वर्षभर पुरेशी विश्रांती मिळत नसे. बर्ड यांनीही २००४ ते २०१४ या काळात रशियातील संघांकडून खेळताना पाच वेळा युरोलीग जिंकली. खेळाडू संघटनेच्या उपाध्यक्षांपैकी त्या एक असताना झालेल्या २०२० च्या करारामुळे कमाल वार्षिक वेतन सुमारे १,१७,५०० डॉलरवरून २,१५,००० डॉलरवर गेले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द व निवृत्ती

अमेरिकेच्या संघाकडून बर्ड यांनी २००४ ते २०२० दरम्यानच्या सलग पाच ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. टोकियो येथील उद्घाटन सोहळ्यात त्या आपल्या देशाच्या दोन ध्वजवाहकांपैकी एक होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या शेवटचा सामना खेळल्या. २०२३ मध्ये स्टॉर्मने त्यांचा १० क्रमांकाचा गणवेश सन्मानपूर्वक निवृत्त केला, तर २०२५ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.