पच्चक्खाणाची वही आणि पासपोर्ट

गोंदिया, तिरोडा, आमगाव येथील पेढ्यांवर भाताचे सौदे पिढ्यानपिढ्या होत आले; परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी पासपोर्ट काढावा असा प्रसंग बहुधा आताच येऊ लागला आहे. लेक-जावई अमेरिकेत स्थिरावतात, नातवंड होते आणि आई-वडिलांना बोलावणे येते. मग मुले तिकिटाच्या मागे लागतात, सुना सामानाच्या. आमच्या मते पहिले काम याहून वेगळे आहे. ज्यांना जायचे आहे, त्यांनी कोणकोणती पच्चक्खाणे घेतली आहेत, याची वही आधी उघडावी.

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रत हे थेट प्रवासाशी संबंधित आहे. दाही दिशांना आपण किती दूर जाऊ, याची मर्यादा श्रावक स्वतः ठरवितो. तीस वर्षांपूर्वी कोणा आजींनी ‘भारताबाहेर जाणार नाही’ असा नियम घेतला असेल, तर तिकीट काढल्यावर तो आठवणे घरादाराला जड जाते. व्यापारी मनाला येथे एक पळवाट सुचू शकते : पूर्वेची उरलेली मर्यादा पश्चिमेच्या खात्यावर वळती करावी! शास्त्रकारांना ही युक्ती ठाऊक होती. त्यांनी तिला ‘क्षेत्रवृद्धी’ म्हटले आणि अतिचारांत मोजले. मर्यादा विसरून जाणे हाही अतिचारच. शिवाय ऊर्ध्व दिशाही मोजावयाची असते, आणि विमान तर दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. म्हणून चातुर्मासात गावी महाराजसाहेब किंवा महासतीजी विराजमान असतील तेव्हाच हा विषय त्यांच्यापुढे मांडावा. आणि उत्तर ‘जाऊ नये’ असे आले, तर लेकीनेच इकडे यावे. त्यात कोणाचाही हिरमोड मानू नये.

ही अडचण नवी नाही. 1893 च्या सप्टेंबरात शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले होते. साध्वाचाराप्रमाणे समुद्र ओलांडणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी मर्यादा सैल केली नाही आणि निमंत्रणही वाया जाऊ दिले नाही. मुंबईतील जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे सचिव वीरचंद राघवजी गांधी यांना त्यांनी आपल्याजवळ बोलावून तयार केले. परिषदेसाठी लिहिलेली त्यांची उत्तरे पुढे ‘शिकागो प्रश्नोत्तर’ या नावाने प्रसिद्ध झाली. वीरचंदभाई तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. काठियावाडी पगडी आणि शाकाहार त्यांनी तेथेही सोडला नाही. तरीही समुद्रगमनाबद्दल स्वकीयांचा रोष त्यांना सोसावा लागला. त्या मानाने आपल्या वाट्याला येणारी अडचण लहान आहे.

ती मुख्यतः घड्याळाची आहे. गोंदियात वर्षभर सूर्यास्त साडेपाच ते सात यांच्या दरम्यान होतो. चौविहार त्या लयीत बसलेला असतो. लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावर. हिवाळ्यात तेथे सूर्योदयच आठच्या सुमारास होतो; त्यावर नवकारसीच्या 48 मिनिटांची भर घातली की जेवणाचा दिवस अवघा सात तासांचा उरतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी हा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवावा, आणि शक्य असल्यास पहिली भेट उन्हाळ्यातच ठरवावी.

विमानात जैन भोजन मिळते. त्याची सांकेतिक खूण ‘व्हीजेएमएल’ अशी असून निघण्यापूर्वी निदान 24 तास आधी ते नोंदवावे लागते. मात्र त्यातून कांदा, लसूण आणि कंदमुळे टळतात, वेळ टळत नाही. रात्रीच्या विमानात थाळी मध्यरात्रीही पुढे येते. खाखरा आणि सुका मेवा हातातील पिशवीत असावा. तोही दिवसासाठीच, हे सांगणे नलगे.

कागदपत्रांचे काम तुलनेने सरळ आहे. आपल्या घरांत एकाच व्यक्तीचे आडनाव आधारपत्रावर ‘जैन’, बँकेत गोत्राचे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरेच, असे सर्रास आढळते. नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करण्यापूर्वी ते एक करून घ्यावे. पासपोर्ट आधीच काढलेला असेल, तर त्याची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली असावी. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईस जावे लागल्यास विदर्भ एक्सप्रेस गोंदियातूनच सुटते.

राहता राहिले सामान. ब्रिटनमध्ये भारतातून दूध वा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढ्यांचा डबा आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरताच जाहीर करावा लागतो. लपविल्यास दंड होतो. अमेरिकेचा नियम तर गोंदियाकरांना विशेष लागू पडणारा आहे. गोदामात धान्य पोखरणारी खपरा कीड आपल्या व्यापाऱ्यांच्या चांगल्याच ओळखीची. तिच्या भयाने 2011 पासून भारतासह अनेक देशांतील तांदूळ प्रवाशांच्या सामानातून नेण्यास तेथे मनाई आहे. लेकीसाठी घरच्या गिरणीतला तांदूळ बांधण्याचा मोह प्रत्येक आईला होणार. त्या पाच किलोंच्या जागी पापड आणि खाखरे भरावेत.