जोडहोडीला स्पिनेकर लावताना

समजा, तुम्ही नांदेडहून लातूरला ताशी 50 किमीनं बाईकवर निघालात. वारा पाठीमागून, ताशी 20. तरी तोंडावर 30 किमीचा वारा येणारच! याला भासमान वारा म्हणतात.

कॅटमरान, म्हणजे जोडहोडी, वेगानं तिरकी पळते तेव्हा तिचाही वारा असाच पुढे सरकतो. म्हणून तिचं स्पिनेकर, म्हणजे पुढचं फुगणारं शीड, थोडं सपाट शिवतात आणि नाळेपुढच्या दांड्याला बांधतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधली नाक्रा 17 अशीच.

खरी गोम पुढे आहे. हे शीड डोलकाठीचा शेंडा पुढे ओढतं. मागून धरायला वेगळा दोर नसतो. ते काम मोठ्या शिडाचा ताणलेला दोर करतो. झोत आला की स्पिनेकरचा दोर ढिला करा, मोठ्या शिडाचा नको. नाहीतर डोलकाठी मोडू शकते.