बारा सुरांची लिझी (लेखांक ७)

तुकोबांच्या पालखीच्या दिवसांत आपल्या श्रीपुरात भजनी मंडळांच्या पेट्या उघड्याच असतात. त्यातली एखादी घटकाभर मागून घ्या. सा पासून वरच्या सा पर्यंत मोजा: सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र. झाले बारा. भजन कितीही फिरले तरी शेवटी षड्जावर येऊन टेकते. आता नियम बदलू. बाराही पट्ट्या एकेकदा वाजून झाल्याशिवाय आधीच्या पट्टीकडे परत फिरायचे नाही. षड्जाचे पाटीलपण संपले! बारा सुरांचा हा क्रम रचनाकार आधी ठरवतो. मग तो सुलटा, उलटा, चढाच्या जागी उतार घालून, आणि तोही उलटून असा चार प्रकारे, बारापैकी कुठूनही सुरू करता येतो. म्हणजे रूपे ४८.

मागच्या लेखात आपण या पद्धतीचा जनक श्योनबर्ग पाहिला. इंग्लंडमध्ये ती रुजवणाऱ्या पहिल्या काहींत एलिझाबेथ लुट्येन्स (१९०६–१९८३) होती. नवी दिल्ली उभारणारे वास्तुकार एडविन लुट्येन्स हे तिचे वडील. आई एमिली ही व्हाइसरॉय लॉर्ड लिटनची मुलगी. हाच तो लिटन, ज्याच्या अमदानीत १८७६–७८च्या दुष्काळाने आपला सोलापूर जिल्हा होरपळला आणि ज्याने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. नातीने मात्र राज्य सोडून सूर धरले.

१९३९-४०च्या सुमारास तिने नऊ वाद्यांसाठी पहिला ‘चेंबर कन्चेर्टो’ लिहिला. आपण या वाटेला श्योनबर्गमुळे नव्हे, जुन्या इंग्रज रचनाकार पर्सेलच्या तंतुवाद्यांच्या रचनांमुळे लागलो, असे ती सांगे. पूर्ण पटत नाही. तिचा नवरा एडवर्ड क्लार्क श्योनबर्गचाच शिष्य होता. लंडनच्या संगीतवर्तुळाला मात्र ही भाषा परकी वाटली. कुजबुजीत तिचे नाव पडले ‘बारा सुरांची लिझी’. तीही कमी नव्हती. हिरव्या कुरणांची गोड गाणी रचणाऱ्या इंग्रज संगीतकारांच्या कामाला ती शेणाच्या पोचे संगीत म्हणे.

टोमण्यांनी चूल पेटत नाही. क्लार्कने बीबीसीची नोकरी सोडलेली, पदरात चार मुले. तिने सिनेमा धरला. १९४८च्या ‘पेनी अँड द पाउनॉल केस’मुळे कथापटाला संगीत देणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. पुढे भयपट आले. १९६५चा ‘द स्कल’ जरूर पाहा. शेवटाकडे संवाद जवळपास थांबतात. उरतो नट पीटर कुशिंग, नावातली ती कवटी आणि लिझीचा वाद्यवृंद. सुराला टेकायला जागा नाही, म्हणून आपणही खुर्चीत सावरून बसतो.

गंमत बघा. मैफलीत ज्या सुरांना लोक नाके मुरडत, तेच थिएटरात तिकीट काढून ऐकत होते, तेही तक्रार न करता. मला तर वाटते, तिचा खरा श्रोता तिथेच होता. तिला स्वतःला हे मान्य झाले नसते. सिनेमाचे काम ती पोटासाठी करी. सरकारी सन्मान आला तो १९६९मध्ये, वयाची साठी उलटल्यावर.

पुढच्या आठवड्यात हंफ्री सर्ल: व्हिएन्नात श्योनबर्गचा शिष्य वेबर्न याच्याकडे शिकलेला, आणि ‘द हाँटिंग’ (१९६३) या भुताच्या सिनेमाचा संगीतकार.