विंचेस्टर ‘१८९४’ रायफलीची परीक्षा

जुनी वस्तु हातीं आली म्हणजे ती प्रथम घासून स्वच्छ करावी, अशी इच्छा बहुतेकांस होते. आमच्या हातून असा प्रमाद सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं घडला. एका गृहस्थांनीं विश्वासानें वाचावयास दिलेला ताम्रपट आम्हीं चिंच व राख लावून घासला. मुख्य लेख खोल कोरलेला असल्यामुळें राहिला. परंतु मागील बाजूस पुढच्या कोणा मालकानें खिळ्यानें ओरखडलेल्या दोन ओळी होत्या, त्या गेल्या. त्यांचा ठसा आधीं घेतला नव्हता. गेल्या वर्षीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें, तेव्हां ही गोष्ट पुन्हां आठवली.

त्याचे वृद्ध शेजारी वारले व त्यांच्या पत्नीनें नवऱ्याची विंचेस्टर रायफल यास भेट दिली. त्यानें लिहिलें होतें: “गुरुजी, निळी झिलई उडून लोखंड तपकिरी दिसतें आहे, तेवढी पुन्हां चढवून घेतों. मुलगा म्हणतो, वर दुर्बीण बसवूं आणि हरणाच्या शिकारीस नेऊं. आपलें मत काय?” शस्त्रविद्येंत आमचा अधिकार नाहीं. परंतु जिच्या अंगावर क्रमांक, तारीख आणि शिक्का आहे ती वस्तु एक प्रकारचा लेखच होय, या नात्यानें आम्हीं तिची माहिती जमविली. तिचा सारांश येथें देतों.

या रायफलीची योजना युटा संस्थानांतील ऑग्डेन येथें जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यानें केली; पेटंटाची तारीख २१ ऑगस्ट १८९४. चापाखालील कड्यालाच जोडलेली तरफ खालीं ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें व घोडा चढतो. ती वर मिटली कीं नळीखालच्या कोठींतून आलेलें नवें काडतूस नळींत शिरतें. कुंदा खांद्यावरून काढावा लागत नाहीं. आरंभीं ही रायफल ३२-४० व ३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठीं निघाली. १८९५ मध्यें धूररहित दारूचें ३०-३० काडतूस आलें आणि त्याकरितां नळी निकेलमिश्रित पोलादाची करावी लागली. या नांवांतील पहिला आंकडा नळीच्या व्यासाचा, म्हणजे एक इंचाच्या तीस शतांशांचा, व दुसरा तीस ग्रेन दारूचा. दोन्ही आंकडे व्यासाचेच असावेत असा आमचा प्रथम समज झाला होता.

केवळ जुनी म्हणून ही रायफल दुर्मिळ समजूं नये. दहा लक्षावी प्रत १९२७ मध्यें राष्ट्राध्यक्ष कूलिज यांस अर्पण झाली, आणि २००६ मध्यें न्यू हेवन येथील कारखाना बंद होईपर्यंत एकूण संख्या सत्तर लक्षांच्या वर गेली होती. यामुळें संग्राहक सरसकट जुन्या रायफलीस मान देत नाहींत. जी कारखान्यांतून निघाली तशीच राहिली, तिला देतात. त्यांची एक ठरलेली मर्यादा १९६४ ही आहे. त्या वर्षीं खर्च कमी करण्यासाठीं कातून घडविलेल्या कांहीं भागांच्या जागीं पत्र्याचे ठोकलेले भाग व पोकळ खिळे आले. १९६४ पूर्वींची रायफल म्हटली कीं गिऱ्हाइकाचा स्वर बदलतो. दुसरी मर्यादा कायद्याची: अमेरिकेच्या १९६८ च्या मध्यवर्ती कायद्यानें १८९८ अखेरपर्यंत घडलेली शस्त्रें ‘प्राचीन’ मानिलीं आहेत. एका वर्षाच्या फरकानें वस्तूची जात बदलते, हें आमच्याकडील सनदांच्या वादांशीं परिचय असणाऱ्यांस नवलाचें वाटणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष वाचन. कोठी व नळी रिकामी असल्याची डोळ्यांनीं व बोटानें खात्री करून घेतल्यावांचून कांहींही करूं नये. मग जिच्यांत सर्व यंत्र बसतें त्या पोलादी पेटीच्या तळाशीं, पुढील बाजूस, क्रमांक पाहावा. त्यावरून घडणीचा काळ कळतो. नळीवर कारखान्याचें नांव व काडतुसाचा प्रकार असतो. यांखेरीज लंबवर्तुळांत डब्ल्यू व पी हीं अक्षरें असलेला एक लहान शिक्का असतो. हा परीक्षणाचा शिक्का १९०५ पासून मारूं लागले. म्हणून पेटीचा क्रमांक त्याआधींचा आणि नळीवर मात्र हा शिक्का, असें आढळल्यास नळी मागाहून बदलली असावी असा बळकट संशय येतो. ताम्रपटांतील राजाचा शक आणि लिपीचें वळण जुळेनासें झालें म्हणजे आपण जो तर्क करितों, तोच हा.

यानंतर झिलईचा विचार. खरी जुनी निळाई एकसारखी जात नाहीं; हात जेथें पडतो तेथें ती आधीं उडते, कोपऱ्याकोपऱ्यांत शिल्लक राहते. सर्वत्र सारखी गडद निळाई, बोथट झालेल्या कडा, पुसट अक्षरें आणि बशीसारखीं खोलगट झालेलीं स्क्रूंचीं भोंकें हीं चारही एकत्र दिसलीं, तर कोणीतरी तिला चाकावर घासून पुन्हां रंगविलें आहे हें निश्चित समजावें. लांकूडही साक्ष देतें. कारखान्यांत तें धातूच्या किंचित् वर राहील असें बसवीत. पॉलिश-कागदानें घासलेलें लांकूड धातूच्या खालीं बसतें. संग्राहकाच्या दृष्टीनें तपकिरी पडलेली मूळची रायफल नव्यानें चकचकीत केलेलीहून अधिक मोलाची असते, आणि एकदां घासलेला पृष्ठभाग कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

शिकाऱ्याचे प्रश्न वेगळे आहेत. जुन्या काडतुसांच्या टोपींतील पोटॅशियम क्लोरेटामुळें नळींत क्षार राहत व ती गंजे. म्हणून आंतील मळसूत्री खाचा उजेडांत पाहाव्या. शिवाय या रायफलीची नळी बुडाकडून सहज साफ करितां येत नाहीं, गज तोंडाकडूनच घालावा लागतो. त्यामुळें पुष्कळदां आंतील खाचा चांगल्या, परंतु तोंडाची कड गजानें झिजलेली, असा प्रकार असतो व नेम चुकतो. मिटलेल्या यंत्रांत काडतुसास प्रमाणापेक्षां अधिक मोकळीक राहिली आहे कीं काय, तें जाणत्या कारागिराकडून मापानें तपासून घ्यावें. येथें अंदाज उपयोगी नाहीं. घोडा अर्ध्या खाचेंत पक्का बसतो कीं नाहीं हेंही पाहावें, कारण जुन्या रायफलींत सुरक्षिततेचा मुख्य आधार तीच खाच. कोठींत काडतुसें एकामागें एक असल्यामुळें टोंकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेंकते. याकरितां चपट्या तोंडाचीच गोळी घालीत.

आणि दुर्बीण? या जुन्या रायफलींतून रिकामें काडतूस वरच्या बाजूस उडतें, म्हणून बरोबर मध्यावर दुर्बीण बसत नाहीं. तिरपी बसवावी तर पेटीस भोंकें पाडावीं लागतात. हीं चार भोंकें म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनें त्या रायफलीचा अंत होय. आणि तिचा उपयोग जेथें खरा, त्या झाडींतल्या शे-दीडशें यार्डांच्या आंत, दुर्बिणीवांचून पूर्वींच्यांचें कांहीं अडलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याच्या रायफलीचा क्रमांक १९०२ च्या सुमाराचा निघाला, पण नळीवर तो लंबवर्तुळी शिक्का होता, पेटीवर नव्हता. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयांत विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या जतन केल्या आहेत. तेथून त्यानें उतारा मागविला. वहींत या क्रमांकापुढें ३८-५५ ची नोंद होती. हातांतली रायफल ३०-३० ची. ३०-३० चें काडतूस ३८-५५ च्याच कोशापासून निघालें असल्यामुळें दोहोंचें बूड सारखें, म्हणून ही अदलाबदल सोयीची पडली असावी. शेजाऱ्याच्या वडिलांनीं किंवा आजोबांनीं ती करविली कीं आणखी कोणी, याची नोंद मिळाली नाहीं.

संग्राहकाचें मोल यामुळें बरेंच उतरलें. परंतु बदललेली नळी आंतून निर्दोष निघाली. अर्ध्या खाचेची झीज कारागिरानें दुरुस्त करून दिली. दुर्बिणीचा बेत मुलानें आपण होऊन सोडला. विद्यार्थ्याचें शेवटचें पत्र डिसेंबरांत आलें. हरिण मिळालें नव्हतें, आणि झिलईची बाटली दुकानदारानें परत घेतली होती.