वेष्टनावरचे नाव आणि आतला माल



मुलाला जुलाब-उलट्या झाल्या की आपण औषधांच्या दुकानात धावतो आणि म्हणतो, "ओआरएस द्या." अनेक वर्षे हातात कधी पुडी पडे, तर कधी फळाच्या चवीचे तयार पेय. दोन्हींवर ओआरएस ही अक्षरे असल्याने आम्हीही त्यांना एकच समजत होतो. ती एक नव्हती.

ओआरएस म्हणजे जलसंजीवनी. हिंदीत जीवन रक्षक घोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २०.५ ग्रॅम मिश्रण असते: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. ग्लुकोज व सोडियम योग्य प्रमाणात असले की आतडे ते शोषून घेते आणि त्यांच्यामागे पाणीही शरीरात जाते. साखर फार झाली तर उलट घडते. पाणी आतड्यात ओढले जाते, जुलाब वाढतात आणि लहान मुलाला शोष पडतो. त्या गोड पेयांत साखर बरीच अधिक होती.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला, न्यायालयातही दाद मागितली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये अशा लेबलांना मनाई केली. परंतु जुलैत, हे ओआरएस नव्हे अशी सूचना छापण्याच्या अटीवर सूट दिली. आजारी मूल कडेवर असताना ती सूचना कोण वाचणार? अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सूट रद्द झाली. मागे-पुढे दुसरा शब्द जोडूनही पेयाच्या नावात ओआरएस वापरण्यास बंदी आली. नोव्हेंबरात असा माल दुकानांतून व ऑनलाइन विक्रीतून हटवण्याचे आदेश राज्यांना गेले. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलासाठी तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कायदा आपले काम करील, पण डोळे आपलेच उघडे हवेत. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा आणि लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

विद्यार्थ्यांनो, आज घरातल्या एका डब्यावरचे लेबल आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा. वाचायला शिकलो ते याचसाठी.